दोन शहरांच्या मधला दिवस

युरोपला जायचं ठरलं की पहिल्यांदा तयार होते ती शहरांची यादी. पॅरिस तर हवंच. तिथून ब्रसेल्स किती जवळ! मग ॲमस्टरडॅम कसं सोडायचं? स्वित्झर्लंडशिवाय युरोप कसला, म्हणून ल्युसर्न. इटलीत व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. कुणीतरी व्हिएन्ना सुंदर असल्याचं सांगितलेलं असतं, कुणी प्रागचे फोटो पाठवलेले असतात. रजा पंधरा दिवसांची आणि शहरं नऊ. पुण्या-मुंबईच्या घराघरांतून अशाच याद्या थोड्याफार फरकाने निघतात, आणि प्रत्येक यादीमागे एकच वाक्य असतं : पुन्हा कधी जाणं होणार?

या वाक्यामागची तळमळ खरी आहे. वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात, आईवडिलांना किंवा मुलांना जग दाखवायचं असतं. म्हणूनच ही यादी कागदावर असतानाच तपासायला हवी. तिकिटं काढून झाल्यावर ती बदलणं महागात पडतं.

यादीचं गणित

पंधरापैकी जाण्यायेण्याचे दोन दिवस विमानात जातात. उरले तेरा. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवणं आलं. एकदा मुक्काम हलवायचा म्हणजे बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा, नव्या शहरात हॉटेल शोधायचं आणि सामान टाकायचं. गाडी दोनच तासांची असली, तरी यात अर्धा दिवस सरतो. आठ वेळा अर्धा म्हणजे चार दिवस. तेरातून चार वजा केले की नऊ शहरांसाठी नऊ दिवस हाती राहतात. एवढ्यात पाय दुखणार, पाऊस पडणार, कपडे धुवायचे असणार.

इथे कुणीही विचारेल, मग ग्रुप टूरवाले हे कसं जमवतात? त्यांचं जमतं, कारण त्यांची स्वतःची बस असते. बॅग हॉटेलच्या दारात गाडीच्या पोटात जाते आणि पुढच्या हॉटेलच्या दारात उतरते. रस्ता, तिकिटं, जेवण हे सगळं कुणीतरी आधीच पाहिलेलं असतं. त्या बसचं वेळापत्रकही युरोपीय संघाच्या नियमांनी बांधलेलं असतं. चालकाला दिवसाला साधारणतः नऊ तासच गाडी चालवता येते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते. टूरची माहितीपुस्तिका समोर ठेवून तीच शहरं त्याच क्रमाने स्वतःच्या हिमतीवर करायला निघालं, तर यादी सारखी राहते आणि बस मात्र नसते. सामान आपल्या हातात, जिना आपल्या पायांखाली आणि चुकलेल्या गाडीची जबाबदारी आपल्या डोक्यावर.

म्हणून स्वतंत्र प्रवासाची आखणी मुक्कामाच्या रात्री मोजून सुरू करावी. दोन शहरांच्या मधला दिवस नीट मोजला, की किती शहरं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वाहनाने, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात.

व्हिसा ठरवतो तो क्रम

शेंगेन व्हिसा हा या आखणीचा पाया आहे. लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या शेंगेन या छोट्या गावी १९८५ मध्ये पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं, तरी २००८ पासून शेंगेनमध्ये आहे; मात्र तिथलं चलन फ्रँक. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्राबाहेर आहेत.

या नकाशाचा थेट परिणाम क्रमावर होतो. समजा, पॅरिसहून लंडनला जाऊन मग ॲमस्टरडॅमला यायचं आहे. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेलच, शिवाय शेंगेन क्षेत्रात दुसऱ्यांदा शिरावं लागेल. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा हाती असेल, तर ॲमस्टरडॅमचं दार बंद. लंडन करायचंच असेल, तर प्रवासाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावं.

अर्ज कुठे करायचा, याबाबतही गैरसमज आहे. ज्या देशात उतरणार त्या देशाकडे अर्ज, असं अनेकजण धरून चालतात. नियम असा की, ज्या देशात मुक्काम सर्वांत मोठा, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत मुक्काम सारखा असेल, तरच पहिल्या प्रवेशाचा देश. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळायलाच आठवडे जातात, त्यामुळे मे महिन्याच्या प्रवासाची कागदपत्रं जानेवारी-फेब्रुवारीतच जमवायला घ्यावीत.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या विमानतळावर रांग लांबू शकते. तिथे उतरून दोन तासांत पुढची रेल्वे किंवा विमान पकडायचा बेत आखू नये. पहिली रात्र उतरलेल्याच शहरात काढावी. क्षेत्राच्या आत फिरतानाही पासपोर्ट जवळ हवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या आपल्या सर्व सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढवली.

मुलगा किंवा मुलगी नेदरलँड्समध्ये वा जर्मनीत नोकरीला आहे आणि आईवडील तीन महिने राहायला जाणार आहेत, अशी मराठी कुटुंबं आता पुष्कळ. त्यांनी लक्षात ठेवायची मर्यादा म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस त्यात धरला जातो. त्यांचा मुख्य मुक्काम ठरलेलाच असतो. तिथून एका वेळी एकच देश, तीन-चार रात्रींसाठी, असं फिरलं तर नऊ शहरांची यादीसुद्धा सुखाने पुरी होते.

दारापासून दारापर्यंत

वाहन निवडताना वेळापत्रकातला आकडा फसवतो. पॅरिस ते ॲमस्टरडॅम विमानाला सव्वा तास लागतो आणि रेल्वेला तीन तास वीस मिनिटं. विमान जलद, असं वाटतं. आता हॉटेलच्या दारापासून मोजा. विमानतळावर पोहोचायला तास, उड्डाणाआधीचे दोन तास, सव्वा तास हवेत, सामान घेऊन शहरात शिरायला आणखी तास. झाले सव्वापाच तास. रेल्वेसाठी स्टेशनवर जायला अर्धा तास, गाडीआधी अर्धा तास, मग तीन तास वीस मिनिटं आणि गाडी थेट शहराच्या मध्यात थांबते. साडेचार तासांच्या आत काम होतं. वर बॅगेचं वजन कुणी करत नाही.

या हिशेबातून एक ढोबळ नियम निघतो. रेल्वेने चार-पाच तासांत पोहोचता येत असेल, तर रेल्वेच घ्यावी. फ्रान्सने तर कायदाच केला : रेल्वेने अडीच तासांत नेता येईल अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं २०२३ पासून बंद झाली. आठ तासांहून लांबच्या टप्प्याला रात्रगाडी किंवा विमान. आणि पाच ते आठ तासांमधला टप्पा आला, की आधी विचारावं, ही दोन शहरं एकाच प्रवासात असायलाच हवीत का? वाटेतला प्रदेशच पाहण्याजोगा असेल, तर उत्तर हो.

मध्य युरोपात हा नियम फार सोयीचा ठरतो. व्हिएन्नाहून ब्राटिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर. मुक्काम न हलवता दिवसात एक वेगळा देश पाहून परत येता येतं. व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्ना-प्राग चार तास. रोम-व्हिएन्ना मात्र वेगळं प्रकरण. दिवसा रेल्वेने निघालं तर अख्खा दिवस जातो. तिथे विमान किंवा संध्याकाळी निघून सकाळी पोहोचवणारी गाडी हेच पर्याय. यादीत रोमच्या खाली व्हिएन्ना लिहायला एक ओळ लागते, प्रवासात त्याची किंमत एक दिवस असते.

आता प्रवास हाच पाहण्यासारखा असलेला टप्पा. स्वित्झर्लंडहून इटलीत उतरणारी गाडी आल्प्सच्या पोटातून जाते. तिथला गोटहार्ड पायथा बोगदा ५७ किलोमीटरचा, २०१६ मध्ये खुला झालेला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. झुरिचहून मिलानला सव्वातीन तासांत पोहोचता येतं ते त्याच्यामुळे. पण त्याच्या वर १८८२ पासूनचा जुना घाटमार्ग अजून चालू आहे. तिथे चढ कमी करण्यासाठी लोहमार्ग डोंगरात वेढे घेत जातो. वासेन गावचं पांढरं चर्च खिडकीतून तीन वेळा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून. त्या मार्गाने तासभर जास्त लागतो. पोहोचायची घाई असेल तर नवा बोगदा घ्या, डोंगर पाहायचे असतील तर जुना घाट.

रात्रगाडी

कोल्हापूरहून रात्री निघून सकाळी मुंबईत उतरण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना युरोपातली रात्रगाडी परकी वाटू नये. जर्मन रेल्वेने २०१६ च्या अखेरीस शयनयान सेवा सोडली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतले बरेच मार्ग हाती घेतले आणि नाइटजेट नावाने चालवले. यात तीन प्रकार असतात. नुसती बैठक, चार किंवा सहा जणांची बर्थची खोली, आणि एक ते तीन जणांचा वॉशबेसिन असलेला शयनकक्ष. बैठक स्वस्त असते, पण रात्रभर बसून काढलेल्या प्रवासाचा दुसरा दिवस वाया जातो. साठी ओलांडलेल्यांनी तर ती घेऊच नये. बर्थचे पैसे जास्त पडतात, मात्र त्यात हॉटेलची एक रात्र आणि प्रवासाचा एक दिवस वाचतो. सकाळी सातला उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनलाच मिळते. तोवर सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून बाहेर पडावं.

जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली गाडी आज चालतेच, असं मात्र धरू नये. पॅरिस-व्हिएन्ना रात्रगाडी २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२५ च्या डिसेंबरात बंद पडली. पॅरिस-मिलान थेट गाडी आल्प्समध्ये दरड कोसळल्याने ऑगस्ट २०२३ पासून मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत बंद होती. चांगले बदलही होतात. ऑस्ट्रियात २०२५ च्या डिसेंबरात कोराल्म बोगदा सुरू झाला आणि ग्राझ-क्लागेनफुर्ट अंतर पाऊण तासावर आलं. युरोपचं रेल्वे वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलतं. त्याआधी केलेली उन्हाळ्याची आखणी नव्या वेळापत्रकावर पुन्हा ताडून पाहावी.

बस, मोटार, स्वस्त विमान

बस रेल्वेपेक्षा बहुधा स्वस्त आणि बहुधा हळू. जिथे लोहमार्गच नाही, तिथे तीच खरी. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला रेल्वे जात नाही. स्प्लिटहून तिथे जायचं तर बस किंवा बोट. या रस्त्यावर बोस्नियाच्या किनाऱ्याचा नऊ-दहा किलोमीटरचा टप्पा आडवा येतो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाकचा पूल खुला झाल्यापासून बोस्नियात न शिरता जाता येतं, तरी काही बस अजून जुन्या रस्त्याने जातात. तिकीट काढताना बस कोणत्या वाटेने जाते, हे विचारायलाच हवं.

मोटार खेड्यापाड्यांसाठी उत्तम. टस्कनीच्या टेकड्या, फ्रान्सचा प्रोव्हान्स, जर्मनीचं काळं जंगल इथे स्टेशनं दूर असतात. मात्र गाडी ज्या देशात घेतली त्याच देशात परत करावी, कारण दुसऱ्या देशात सोडण्याचं शुल्क कधी कधी भाड्याहून जड होतं. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून ठेवावा. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी आगाऊ पथकर भरावा लागतो. इटलीच्या जुन्या शहरांत परवानगीशिवाय मोटार नेता येत नाही, असे भाग असतात. तिथले कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. शहरांसाठी रेल्वे आणि खेड्यांसाठी मोटार, ही वाटणी पक्की ठेवावी.

स्वस्त विमानाचं भाडं पाहताना विमानतळाचं अंतर पाहावं. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर दूर, मिलानच्या नावाचं बर्गामो सुमारे ५० किलोमीटर. सामानाचे पैसे वेगळे, मोठ्या हातपिशवीचेसुद्धा. हे सगळं मिळवून मग रेल्वेच्या भाड्याशी तुलना करावी.

तिकिटाचे नियम

लांब पल्ल्याच्या गाड्यांची भाडी विमानासारखी चढत जातात. फ्रान्स, इटली आणि युरोस्टारची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली, तर निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकतात. स्थानिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. तिथे घाई नको.

युरेल हा रेल्वेचा पास ३३ देशांत चालतो. तीन-चारच टप्पे आधीच ठरलेले असतील, तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. पास फायद्याचा ठरतो तो रोज फिरणाऱ्याला आणि ऐनवेळी बेत बदलणाऱ्याला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये पास दाखवून बहुतेक गाड्यांत चढता येतं. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना, युरोस्टारला आणि रात्रगाड्यांना पासावरही आरक्षण सक्तीचं आहे, आणि पासधारकांच्या जागा मोजक्या असतात.

उशिराच्या भरपाईचा नियमही माहीत हवा. युरोपीय संघात रेल्वेला तासाहून जास्त उशीर झाला, तर सर्वसाधारणपणे भाड्याचा पाव भाग आणि दोन तासांहून जास्त झाला, तर निम्मा भाग परत मिळतो. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढे नेण्याची जबाबदारी रेल्वेवर येते ती दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तेव्हाच. सुटी तिकिटं स्वस्त म्हणून घेतली असतील, तर मध्ये भरपूर वेळ सोडावा, विशेषतः जर्मनीत. तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये वेळेवर आल्या त्या जेमतेम ६२ टक्के. इटलीतले रेल्वे संप सहसा आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात अत्यावश्यक स्थानिक गाड्या चालवाव्या लागतात. पॅरिससारख्या शहरात स्टेशनं अनेक आहेत. ॲमस्टरडॅमची गाडी गार द्यु नोरला येते आणि स्वित्झर्लंडची गार द लियोंहून सुटते. मध्ये किमान तास-दीड तास हवा.

सामानाबद्दल एकच नियम : जी बॅग स्वतः उचलून दोन जिने चढता येते, तेवढीच न्यावी. हमाल मिळत नाहीत, आणि व्हेनिसला तर स्टेशनपासून पुढे मोटारीच नाहीत. पुलांच्या पायऱ्यांवरून बॅग आपणच न्यायची.

पंधरा दिवसांचा आराखडा

आता ती यादी पुन्हा घेऊ. गुरुवारी रात्री उशिरा, म्हणजे शुक्रवारच्या पहाटे मुंबईहून निघून त्याच दिवशी पॅरिस. परतीचं विमान रोमहून. जाताना एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचं, असं एकत्र तिकीट विमान कंपन्या देतात आणि ते साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच मिळू शकतं. त्यामुळे पहिल्या शहरात माघारी येण्याचा एक दिवस वाचतो.

पॅरिसला चार रात्री, शुक्रवार ते सोमवार. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून मंगळवार प्रवासाला. पॅरिस ते बाझल तीन तास, पुढे तासाभरात ल्युसर्न. तिथे तीन रात्री. तळं, डोंगर आणि आसपासची गावं मुक्काम न हलवता करायची. शुक्रवारी आल्प्स ओलांडून मिलानला गाडी बदलून फ्लॉरेन्स. हा टप्पा सहा तासांचा आहे, पण गोटहार्डची वाट आहे. फ्लॉरेन्सला तीन रात्री. पिसा किंवा सिएना एका दिवसात. उफिझी संग्रहालय सोमवारी बंद, म्हणून सोमवारी दीड तासाच्या गाडीने रोम. रोमला तीन रात्री आणि गुरुवारी परतीचं विमान. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला, तर रविवारी बंद असतात. इथे मंगळवार-बुधवार हाती आहेत. त्यांतल्या बुधवारी सकाळी पोपांची सार्वजनिक भेट असते, म्हणून व्हॅटिकनला मंगळवार द्यावा.

तेरा रात्री, चार मुक्काम, तीन वेळा बॅगा भरणं. प्रवासात गेलेला वेळ दीड-दोन दिवस. रात्री मोजल्या तर फ्रान्समध्ये चार, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि इटलीत सहा. विमान पॅरिसला उतरत असलं, तरी व्हिसाचा अर्ज इटलीकडे करायचा.

राहिलेल्या शहरांचं काय?

ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, व्हेनिस, व्हिएन्ना आणि प्राग राहिली. व्हेनिसचा मोह फारच असेल, तर फ्लॉरेन्सच्या जागी घ्यावं, दोन्ही नकोत. व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट हा दुसरा, दहा दिवसांचा प्रवास आहे. व्हिएन्ना मध्ये ठेवलं, तर तिथले दोन्ही टप्पे चार तासांचे किंवा त्याहून कमी.

'पुन्हा कधी' या प्रश्नाला आता थोडं तरी उत्तर आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा. पहिला प्रवास नियमात आणि निवांत केला, तर दुसऱ्याची वाट सोपी होते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती : शहरांची नावं लिहिण्याआधी कागदावर रात्री लिहा. एका मुक्कामाला तीनहून कमी रात्री देऊ नका. दोन मुक्कामांमधला प्रत्येक टप्पा हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत मोजा, आणि तो बसत नसेल तर वाहन बदलण्याआधी शहर वगळा. तेरा रात्रींत चार मुक्काम पुरेसे आहेत. पाचवा धरू नका.